साठ मीटर केबल

होडीच्या पोटात भोक पाडलं ते मीच. उगाच आढेवेढे घेत नाही. ड्रिल माझ्या हातात होतं, बाकाखालच्या फळीतून टीव्हीची केबल ओवायची होती, आणि "दोन इंचांच्या पुढे जाऊ नका" असं मला तीनदा बजावलेलं होतं. मी चार इंच गेलो. फळीपलीकडून आधी एक गार चिळकांडी माझ्या चष्म्यावर आली आणि मागोमाग धारच लागली. मी ड्रिल टाकलं, "बुडालो, बुडालो!" असा गलका केला आणि उडी मारून धक्क्यावर पोचलो. होडी चार दोरांनी बांधलेली होती आणि खाली पाणी जेमतेम छातीइतकं होतं, हे मला धक्क्यावर पोचल्यावर आठवलं.

लिफ्टवाले जागचे हललेसुद्धा नाहीत. त्यांनी धारेखाली तळहात धरला आणि जिभेला लावून पाहिला.

"गोडं आहे," ते म्हणाले. "समुद्र नाही, पिण्याच्या पाण्याची टाकी फोडलीत. या आत."

आत गेलो. दुसरं करणार काय? पुढचा तासभर आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फडक्यांनी पाणी टिपत होतो. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लिफ्टवाले म्हणजे माझे वरचे शेजारी. छत्तीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. वर पाहिलं तर अंधार, खाली पाहिलं तर अंधार, मध्ये हे, तोंडात टॉर्च धरून. नखांतलं काळं ग्रीस निवृत्तीनंतरही निघालं नाही. आणि नशिबाची गंमत अशी, की हा माणूस राहायचा तिसऱ्या मजल्यावर आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. "न्हाव्याचेच केस वाढलेले," असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "न्हाव्याच्या बायकोला जिना चढावा लागत नाही."

ते त्यांच्या बायकोबद्दल बोलत होते, म्हणजे आमच्या वहिनींबद्दल. वहिनींचं हृदय तेव्हा एक तृतीयांशच चालत होतं. डॉक्टरांनी तसं चित्र काढून दाखवलं होतं. खाली जाऊन भाजी आणायची म्हणजे त्या दोनदा पायरीवर बसायच्या. पुढे तर त्यांनी खाली जाणंच सोडलं.

निवृत्तीच्या वेळी लोक जमीन घेतात, नातवाला सायकल घेतात. लिफ्टवाल्यांनी कुणा हौशी माणसाने टाकून दिलेली सहलीची होडी घेतली. वीस फुटी. आत दोन बाकं, एक खिडकी, आणि उभं राहिलं की डोकं आपटेल एवढंच छत.

"छत्तीस वर्षं वर-खाली केलं, शेजारी," ते मला म्हणाले. "आता एकदा आडवं जायचंय. बंदराच्या त्या दगडी बांधाच्या बाहेर, सरळ. हिला घेऊन. तिने अजून मोकळा समुद्र पाहिलेला नाही. धक्क्यावरून दिसतं ते डबकं."

"मग न्या की."

"येते कुठे? तिची सहाची मालिका आहे."

मी वहिनींना समजवायला वर गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या.

"भावजी, समुद्र काय पळून चाललाय?" त्या म्हणाल्या. "माझी सून तिकडे दोन वर्षं स्मृती जाऊन बसलीये. नवऱ्यालाच 'आपण कोण?' म्हणून विचारते. तिने एकदा त्याला ओळखलं की मी सुटले."

"मोबाइलवर बघता येईल की, वहिनी."

"तेवढ्याशा पडद्यात तिचे डोळे दिसत नाहीत हो. ओळखणार ती डोळ्यांनीच ओळखणार."

लिफ्टवाले दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही आणला.

तो बसवायला तीन आठवडे गेले, आणि माझ्या टाकीफोडीचा त्यात एकच दिवस. पडदा भिंतीला घट्ट बसला, होडीच्या बॅटरीवर चालूही झाला. अडलं ते डिशपाशी. डिशला आकाशातल्या एका जागेकडे टक लावून बसावं लागतं, आणि होडी म्हणजे सदा कूस बदलणारं पोर. सून डोळ्यांत पाणी आणायची, नेमकी तेव्हाच लाट यायची, आणि तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. मी म्हणालो, दोर वाढवा. चाराचे आठ केले. धक्क्यावरचा पहारेकरी येऊन म्हणाला, "साहेब, होडी आहे का चोर पकडलाय?"

एका दुपारी लिफ्टवाले बाकावर बसून होते ते ताडकन उठले. छत डोक्याला लागलं, त्याची दखलही घेतली नाही.

"मी गाढव आहे," ते म्हणाले. "लिफ्टची मोटार काय लिफ्टच्या डब्यात असते? ती वर, पक्क्या जागी. डबा हलतो, खालून केबल लोंबते, डब्यातला दिवा-पंखा चालतो. हलायचं त्याने हलावं, स्थिर राहायचं त्याने स्थिर राहावं!"

संध्याकाळपर्यंत त्यांनी डिश होडीवरून उतरवून धक्क्यावरच्या लोखंडी खांबाला आवळली. तिथून केबल ढिली सोडून होडीत घेतली. लाट आली, होडी कलली, केबलचा झोल हलला, आणि पडद्यावरची सून ढिम्म. मी टाळ्या वाजवल्या. छत्तीस वर्षांची विद्या कामी आली होती.

लिफ्टवाले खांबाकडे पाहत राहिले. मग केबलकडे, मग लांब बांधाकडे. टाळ्या वाजवणारे माझे हात हवेतच राहिले. होडीला आतापर्यंत आठ दोर होते, हा नववा होता, आणि हा सोडता येणार नव्हता.

"असू दे," ते म्हणाले. "येईल तरी."

वहिनी आल्या. आम्ही त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. ते पुढे, मी मागे, आणि वहिनी मधून सूचना करायला. "भावजी, वाकडे होताय. अहो, कोपरा! मी काय कपाट आहे?" मग रिक्षा, मग धक्का, मग पुन्हा खुर्ची. होडीत पोचेपर्यंत सहाला पाच मिनिटं उरायची. मालिका संपेपर्यंत उजेड सरलेला आणि त्यांचा दमही. अशा त्या अकरा वेळा आल्या. पाठ खिडकीकडे, तोंड टीव्हीकडे. खिडकीतून सूर्य बुडायचा तो त्यांच्या अंबाड्यावर.

"लवकर निघू, आधी बाहेर जाऊन येऊ," असं लिफ्टवाले दर वेळी म्हणायचे. पण चार वाजेपर्यंत वहिनींना उठवत नसे, आणि तिथून तयार होऊन होडीत पोचायलाच दोन तास लागायचे.

तेव्हा त्यांनी काय करावं? केबल वाढवली. आधी वीस मीटर, मग चाळीस, मग साठ. सुनेने डोकं धरलं की हे बाहेर जाऊन हळूच दोर सोडायचे आणि बांबूने होडी रेटायचे. इंजिन नाही, आवाज नाही. मी धक्क्यावर उभा राहून केबल सोडायचो, पतंगाच्या मांज्यासारखी. बांध चारशे मीटरवर होता. एके दिवशी साठाव्या मीटरला आतून आवाज आला.

"अहो, चित्र जातंय."

"थोडंच, गं. जरा खिडकीबाहेर बघ ना."

"बघते. आधी मागे घ्या. आज ती ओळखणार आहे."

मी केबल गुंडाळायला लागलो. होडी हात हात करत धक्क्याकडे आली. लिफ्टवाले बांबू धरून उभे होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या दिवशीही सुनेने ओळखलं नाही. वहिनींच्या आयुष्यातला समुद्रप्रवास एवढाच, जायचे साठ मीटर आणि यायचे साठ.

बाराव्या खेपेला त्या पहिल्याच जिन्यावर म्हणाल्या, "आज राहू द्या हो, भावजी. परत वर न्या." आम्ही त्यांना वर नेलं. त्यानंतर खुर्ची एकदाही खाली आली नाही. नवव्या दिवशी वहिनीच आल्या, आणि तेव्हा खांद्याला चौघे होते. जिन्याच्या कोपऱ्यावर मी नेहमीसारखा वाकडा झालो. या वेळी कुणी टोकलं नाही.

महिनाभर मी धक्क्याकडे फिरकलो नाही. मग आमची ही म्हणाली, "ते रोज तिथे जातात म्हणे. जाऊन तरी या. टाकी फोडायला बरे गेलात."

गेलो. सहा वाजून गेले होते. आठही दोर जागेवर होते, केबलही. लिफ्टवाले वहिनींच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसले होते. टीव्हीवर सून नवऱ्याला चहा देत होती आणि "साखर किती घेता?" म्हणून विचारत होती. म्हणजे अजून नाहीच. मी समोर बसलो. पाणी आज अगदी शांत होतं, आणि बांधाच्या तोंडातून मोकळ्या समुद्राची एक पट्टी दिसत होती. मग जाहिराती लागल्या.

"दादा," मी म्हणालो, "आता कुणी अडवणारं नाही. एवढी हौस होती तुमची. उपटा ती केबल, सोडा दोर, आणि एकदा बाहेर जाऊन या. हवं तर मी येतो सोबत."

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"चित्र जाईल."