बाबांवर वाजवलेली शिट्टी

आमच्या क्लबात आता चौतीस लोक आहेत. मी काम हातात घेतलं तेव्हा अकरा होते. कॉलेजात मी हे सांगते तेव्हा सगळे ‘वा’ म्हणतात आणि मी तिथेच थांबते. पुढचं इथे लिहून पाहते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

चालायचा फुटबॉल म्हणजे नावात आहे तेच. धावायचं नाही. एक पाय कायम जमिनीवर हवा. दोन्ही पाय सुटले की फाउल, आणि बॉल समोरच्या टीमला. एकाच माणसाचे तीन फाउल झाले की तो त्या दिवसापुरता बाहेर. साठीच्या आसपासच्या माणसांना झेपेल असा खेळ. इकडे हिंदी मुलखात, आमच्या इंद्रपुरी कॉलनीत, तो बाबांनी आणला, मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून. कारखान्यातून रिटायर झाल्यावर ते नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. आई म्हणायची, “तुमची शिफ्ट संपली, आता बसा.” बसणं काही त्यांना जमेना. मग एके सकाळी त्यांनी जुन्या शिफ्टमधल्या दहा जणांना कॉलनीच्या मैदानात आणून उभं केलं.

बाबांचा डावा पाय लहानपणी, अमरावतीकडच्या आमच्या गावी, झाडावरून पडून मोडला होता. तो वाकडाच जुळला. सावकाश चालताना कळत नाही, पण भरभर चालायला लागले की दर दुसऱ्या पावलाला अंग वर उचललं जातं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, उडी मारली. पाय जमिनीवरच असतो. मैदानातल्या सगळ्यांनी ती चाल कारखान्याच्या गेटवर वर्षानुवर्षं पाहिलेली होती, त्यामुळे त्यावर कुणी फाउल मागत नसे. चेष्टा मात्र रोज व्हायची.

“क्या बात है, आज नई स्प्रिंग डलवाई क्या?” एक जाडे काका ओरडायचे.

बाबा त्यांच्याच पायातून बॉल काढून घेत म्हणायचे, “आधी तू ग्रीस लाव. पार जाम झालायस.”

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्षभर लोकांसाठी एखादं काम चालवून दाखवायचं, असा आम्हाला प्रकल्प होता. बाकीच्या मुली शिकवायला वगैरे गेल्या. मला अनोळखी माणसांशी बोलायचीच भीती, म्हणून मी बाबांचा क्लब वाढवायचं ठरवलं. बाबांना इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी ते माझ्यासाठी शिट्टी घेऊन आले. “आमच्यात रेफ्री व्हायला कुणी तयार नाही, सगळ्यांना खेळायचंच असतं,” म्हणाले. “तू हो.”

मी पत्रक लिहिलं. त्यात नियम ठळक अक्षरात छापले आणि बिट्टन मार्केटात भाजीच्या दिवशी पिशव्या घेऊन आलेल्या आजोबा लोकांना ती पत्रकं वाटली. एक जण म्हणाले, “चलने का फुटबॉल? बेटा, टमाटर का भाव पूछते-पूछते रोज वही तो खेल रहा हूँ.” पण ते आले. आणखीही काही जण आले. आणि चार इमलीतून, म्हणजे बड्या अफसरांच्या वस्तीतून, साहेब आले.

साहेब मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, मुलाच्या सरकारी बंगल्यात राहत होते. पांढरे शुभ्र बूट, गोड बोलणं. येताना चार मित्र घेऊन आले. आमच्यातल्या कुणाचेही ते कधी साहेब नव्हते, त्यांचं खातंच वेगळं. तरी पहिल्याच दिवसापासून सगळे त्यांना साहेबच म्हणायला लागले. आणि एक गोष्ट आपोआप घडली. बॉल साहेबांच्या पायात गेला की आमचे लोक बाजूला व्हायचे. कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर साहेब समोरून आले की वाट द्यायची, ती सवय पायात मुरलेली. जाडे काका तर बॉल गेल्यावर “वाह साहब” असंही म्हणायचे. एकटे बाबा बाजूला होत नसत. ते साहेबांकडूनही बॉल काढून घ्यायचे, इतरांकडून घेत तसाच.

मला ते आवडायचं. हेही लिहायला हवं, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

त्याच सुमारास मैदानाच्या फाटकावर पाटी लागली: परवानगीशिवाय खेळू नये. मी अर्ज केला. दोनदा ऑफिसात जाऊन आले, दोन्ही वेळा “बाद में आना” ऐकलं. साहेबांनी सहज सांगितलं, “मुझे दे दो, मैं बात कर लूँगा.” माझा अर्ज त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. मैदान गेलं असतं तर क्लब गेला असता. माझा प्रकल्पही गेला असता. मला नक्की कशाची जास्त काळजी होती, ते आता प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी साहेबांकडून लागोपाठ दोनदा बॉल काढला. दुसऱ्या वेळी साहेब थांबले आणि हसत माझ्याकडे वळले.

“रेफरी मैडम, ये रनिंग नहीं है?”

जाडे काका म्हणाले, “साहब, उसकी तो चाल ही ऐसी है.”

“होगी. पर रूल तो रूल है ना? बेटा ने खुद पर्चे में छापा है.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबाही. ते अजिबात घाबरलेले नव्हते, मी काय म्हणणार हे त्यांना माहीत होतं. त्या पायाला रात्री तेल लावणारी मीच होते. उडी नाही, पाय जमिनीवर आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

मी शिट्टी वाजवली.

बाबांनी बॉल देऊन टाकला. थोड्या वेळानं ते पुन्हा भरभर पुढे आले, साहेबांनी पुन्हा पाहिलं, मी पुन्हा वाजवली. पहिली वाजवल्यावर दुसरी न वाजवणं कसं दिसलं असतं, असं काहीतरी डोक्यात होतं. स्वतःच्या वडिलांनाही सोडत नाही, असं लोक म्हणतील, हेही होतं. तिसऱ्यांदा बाबा भरभर नव्हते, बॉलकडे जेमतेम चार पावलं टाकली असतील. मी वाजवली. त्यांनी अंगातलं टीमचं जाकीट काढलं, कठड्यावर ठेवलं आणि फाटकातून बाहेर गेले. कुणी चेष्टा केली नाही.

आठवड्याभरात परवानगीचं पत्र आलं.

बाबा त्यानंतर आले नाहीत. पहिल्या दिवशी म्हणाले, “आज राहू दे.” दुसऱ्या दिवशी पेपर उघडून बसले. मी शेवटी धीर करून साहेबांना सगळं सांगितलं. पाय, झाड, गाव. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि त्यांच्या बोलण्यात जराही वाईटपणा नव्हता. “बिल्कुल बेटा, पहले बताना था. डॉक्टर का सर्टिफिकेट लगवा दो, छूट दे देंगे.” मी लगेच कॉम्प्युटरवर एक फॉर्म तयार केला. खेळाडूच्या चालण्यातील दोष, डॉक्टरांची सही, शिक्का. तो घेऊन बाबांसमोर बसले.

त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. माझं लिहिलेलं सगळंच ते पूर्ण वाचतात.

“मी चालतो याचा दाखला?” म्हणाले.

“नुसती फॉर्मॅलिटी आहे, बाबा.”

“तुलाही लागतो का?”

त्यांनी फॉर्म परत माझ्या हातात दिला.

आता जुन्या अकरांपैकी सहा उरलेत. जाडे काका येतात, पण बॉलच्या फार जवळ जात नाहीत. नव्या लोकांमुळे दोन टीमच्या चार झाल्या. कॉलेजात माझ्या प्रकल्पाचं कौतुक झालं, मॅडमनी मला वर्गासमोर उभं करून बोलायला सांगितलं. मी बोललेसुद्धा. प्रकल्प संपला तरी मी मैदानात जाते, कारण रेफ्री व्हायला अजूनही कुणी तयार नाही. आणि साहेब धावतात. रोज नाही, पण बॉल सुटून गोलकडे चालला की चक्क धावतात, दोन्ही पाय हवेत. ते मला दिसतं, सगळ्यांनाच दिसतं, आणि शिट्टी माझ्या हातातच राहते.

परवा मी बूट घालत असताना बाबा पेपर वाचत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “ते साहेब धावले तर वाजवतेस ना गं शिट्टी?”

मी म्हणाले, “हो.”

“मग ठीक आहे,” बाबा म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.