वास न येणाऱ्या माणसाला आलेला वास

आधीच सांगतो, अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारेधुपारे नाहीत. रायपूरच्या मालधक्क्यावर नोकरी केली, निवृत्त झालो, तिथल्याच गुढियारी वस्तीत घर बांधलं. कोणी अंगात येतं म्हणालं, की मी आधी त्याला बीपीची गोळी घेतली का विचारतो. तरी हे लिहायला बसलो... कारण डोक्यातून जातच नाही.

कोरोनात माझा वास गेला, तो परत आलाच नाही. डॉक्टरांनी हात टेकले. दूध करपो की गटार तुंबो, मला सगळं सारखंच. आणि बायको, सुषमा, आमच्याच अंगणात बालवाडी चालवते. शिस्तीची बाई. घरात वाळवीचं औषध मारायचं असलं की आदल्या दिवशी गेटवर सूचना लावणार, प्रत्येक मुलाच्या घरी फोन करणार आणि बालवाडीला सुट्टी देणार. तिचा नियम म्हणजे नियम.

त्या सकाळी मुलं कंपाउंडच्या भिंतीला लागून सतरंजीवर बसली होती, डबे समोर उघडून. परी नावाची दम्याची पोरगी तर भिंतीलाच टेकलेली. मी माठ भरत होतो आणि एकदम वास आला... उग्र, घशाला टोचणारा. लहानपणी काकांच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारायचे, तोच. त्या औषधानं काका एकदा शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच कोसळले होते. तो वास मी विसरूच शकत नाही.

भिंतीवरून पलीकडे डोकावलो. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नव्या घरासाठी पाया खोदून ठेवलेला, पण ना माणूस, ना गाडी.

"सुषमा, पोट्ट्यांना उठव. औषधाचा वास येऊन राहिला."

ती हसली. "तुमाले? अन् सकाळी दूध करपलं तवा नाक कुठं गेलतं?"

"मस्करी नको करू. मले येऊन राहिला."

तिनं मुलांना विचारलं, "बच्चों, कोई बास आ रही है?"

"नहीं टीचर," सगळे एका सुरात.

मी वेड्यात निघालो होतो, हे मलाही कळत होतं. पण घसा जळत होता. मी सरळ परीला कडेवर उचललं.

"अहो, डोकं फिरलं का? आईबाप काय म्हणतील?"

"फिरलं तर फिरलं. मागच्या गल्लीत विहारात बसव सगळ्यांना. मंग मले काय बोलायचं ते बोल."

ती बोललीच, विहारापर्यंत सगळा रस्ता. मुलांना मात्र सहल वाटली. डबे अंगणातच राहिले.

मुलं विहारात बसली आणि आमच्या घराच्या बाजूनं पंपाचा आवाज सुरू झाला... मग आरडाओरडा. विहारातल्या ताईंजवळ मुलं ठेवून आम्ही दोघं धावलो.

पलीकडे आता गाडी उभी होती. पायाच्या चरात वाळवीचं औषध सोडताना पंपाचा पाइप फुटला होता आणि धार थेट भिंतीवरून आमच्या अंगणात आली होती. सतरंजी चिंब. उघड्या डब्यांत पोळी-भाजीवर दुधासारखं पांढरं पाणी. परी टेकली होती ती भिंत वरपासून खालपर्यंत ओली.

सुषमानं पदर नाकाला लावला, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, दीर्घ श्वास घेतला... आणि मला काहीच आलं नाही. काहीच नाही.

"दवाई का डिब्बा कब खोला?" मी पंपवाल्याला विचारलं.

"अभी तो आए हैं भैया, अभी खोला."

प्लॉटवाल्याला म्हणालो, बाजूला लहान मुलं बसतात, कळवायला नको? तो म्हणाला, "अपने प्लॉट में डलवा रहे हैं दादा, मोहल्ले को क्या बताना?" मी चांगलाच भांडलो. आता आमच्या गल्लीत ठरलंय, कोणीही औषध मारणार असेल तर आदल्या दिवशी घरोघरी सांगायचं आणि गेटवर पाटी लावायची. प्लॉटवालाही आता पाळतो.

डॉक्टर म्हणाले, कधी कधी नसलेले वास येतात. येत असतील. पण त्याच सकाळी, तोच वास, आणि औषध यायच्या आधी? यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर मला आजपर्यंत कसलाही वास आलेला नाही. पण सुषमा आता हसत नाही. रोज सकाळी सतरंजी अंथरते आणि मुलांना बसवायच्या आधी माझ्याकडे बघते. मी भिंतीजवळ जातो, श्वास घेतो, नाही म्हणून मान हलवतो. मग ती मुलांना बसवते.