नाल्यापलीकडच्या घरांना माझी हरकत

मी तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे आमच्या कॉलनीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. दिवे बंद आहेत, घंटागाडी येत नाही, बागेतला झोपाळा तुटलाय, सगळे अर्ज माझ्या हातचे. मला त्याचा अभिमान होता. ज्या अर्जाबद्दल सांगणार आहे तोही मी अभिमानानेच लिहिला.

आमची कॉलनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे आहे. माझे यजमान तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झाले. एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं, प्रत्येकापुढे हातभर अंगण, मध्ये एक बाग, आणि मागून नाला, जो पुढे नासर्डी नदीला मिळतो. आम्ही राहायला आलो तेव्हा नाल्यापलीकडे द्राक्षाची बाग होती. नंतर ती गेली, बरीच वर्षं नुसतं रान माजलं, आणि एक दिवस तिथे फलक लागला. छोट्या घरांची योजना होती. कंपन्यांतले कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, अशांसाठी. घरं सोडतीने मिळणार होती. त्यांचा रस्ता आमच्या कॉलनीतून जाणार, त्यांचं सांडपाणी आमच्याच लाइनला जोडणार, आणि बाग दोघांत मिळून एकच.

त्या रविवारी कॉलनीच्या अध्यक्षांकडे बैठक झाली. चहा-पोहे होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तसली माणसं आली की बागेचं काय होतं ते बघाच. कठड्यावर कपडे वाळत पडतील." सगळे हसले. मीही हसले. अध्यक्ष म्हणाले, "महापालिकेने हरकती मागवल्यात, आपण नोंदवू. पण असं लिहून चालत नाही. कारण तांत्रिक पाहिजे. बाई, तुम्ही बघा जरा."

मी बघितलं. 'तसली माणसं' यांचं मी 'लोकसंख्येचा अतिरिक्त भार' केलं. वाक्य छान झालं. मला नाल्याची खरंच काळजी होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. थोडी होतीही. दर पावसाळ्यात आमच्या अंगणात घाण पाणी यायचं. पण ते का येतं आणि कुठून येतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते आमच्या पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना ठाऊक होतं.

ताई मूळच्या देवळ्याकडच्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्या मला बाई. नवरा अंबडमध्ये एका वर्कशॉपला. नाल्याच्या काठाला पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिथे ते भाड्याने राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कणीक मळत होत्या, तेव्हा मी वही घेऊन ओट्याजवळ स्टूल ओढून बसले.

"ताई, पावसाळ्यात पाणी चढतं ते नेमकं कुठून सुरू होतं हो?"

त्या खुश झाल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना मीठ कमी का जास्त याखेरीज काही विचारलं नव्हतं. "आधी तुमच्या बागेमागचं चेंबर उचलतं. झाकण असं डुगडुगतं. ते डुगडुगायला लागलं की आम्ही सामान माळ्यावर टाकतो. अर्ध्या तासात पाणी खोलीत. आन् मोरी लय बारीक हाय ना रस्त्याखालची. वरून येतं तेवढं पाणी तिच्यातून जाईल कसं? तिथं फांद्या अडकल्या की पाणी मागं फिरतं."

पिठाच्या बोटाने त्यांनी ओट्यावर नाल्याचं वळण काढून दाखवलं. बागेचा खालचा कोपरा दिवाळीपर्यंत का सुकत नाही तेही सांगितलं. मी लिहीत गेले. त्यांनी विचारलं, "कशाला लिहिता बाई?"

"अर्ज करतोय. नाल्याचं काम व्हावं म्हणून."

"करा करा. लय बरं होईल."

अर्जात मी या सगळ्याचे सात मुद्दे केले आणि वर लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणीवरून असे आढळून आले की'. शेवटी मागणी केली, की सदर योजना या जागी राबवू नये. नाल्याचं काम करा, असं त्यात कुठेही नव्हतं.

पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी ताई नेहमीपेक्षा लवकर आल्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"बाई, घर लागलं! सोडतीत ह्यांचं नाव निघालं."

"अरे वा! कुठे?"

"कुठं म्हंजे? हे काय इथं, नाल्यापलीकडं. आता दोन मिन्टात येईन बघा तुमच्याकडं."

मी पेढा घेतला. त्यांनी देवापुढे एक ठेवला, यजमानांना दिला, मग माझ्याकडे वळून माझ्या पायाला हात लावला. मी "असू दे, असू दे" म्हणाले. त्या पोळ्यांना लागल्यावर यजमान हळूच म्हणाले, "सांग त्यांना आत्ताच."

"आज नको. आज त्यांचा आनंदाचा दिवस आहे."

हे मी अगदी समजूतदार आवाजात म्हटलं. पुढे महिनाभर रोज सकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात तासभर असायच्या. दाराला कुठला रंग देऊ, ओट्याला काळा दगड बरा का हिरवा, असं विचारायच्या. मी सांगायचे, काळा घ्या, डाग दिसत नाहीत. माझं नाव अर्जावरून काढून घ्यावं, असंही एकदा मनात आलं. पण सुनावणीत अर्ज मीच वाचायचा हे ठरलं होतं, आणि सगळी कॉलनी 'आमच्या बाई आहेत ना' म्हणत होती. ते ऐकायला मला आवडत होतं.

सुनावणी एका सभागृहात दुपारी होती. पुढे टेबलामागे एक मध्यमवयीन अधिकारी, शेजारी टिपणं घेणारी मुलगी. आमची कॉलनी उजवीकडे बसली. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि वर्गात धडा वाचावा तसा स्वच्छ, थांबत थांबत अर्ज वाचायला लागले. चौथ्या मुद्द्याशी, जिथे चेंबरच्या झाकणाचं होतं, मी मान वर केली. डावीकडे तिसऱ्या रांगेत ताई बसल्या होत्या. शेजारी नवरा. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत सोडतीचं पत्र.

मी थांबले नाही. आवाजही हलला नाही. उरलेले मुद्दे मी त्यांच्याच समोर वाचले आणि 'सदर योजना राबवू नये' हेही वाचलं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "फार बारकाईने लिहिलंय. ही पाहणी आपण स्वतः केली?"

तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. वाक्य साधं होतं. मी म्हणाले, "हो."

मग त्यांनी सोडतीत नाव आलेल्यांपैकी कुणाला बोलायचंय का, असं विचारलं. ताईंच्या नवऱ्याने मान खाली घातली. ताई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला.

"बाईंनी वाचलं ते खरं हाय साहेब. पाणी तसंच चढतं. मोरी मोठी करा, नाल्याला भिंत घाला, लाइन नवी टाका. पण घरं नका थांबवू. पाणी आमच्यात येतं तसं त्यांच्यातबी येतं. त्यांची घरं तर कुणी थांबवली नव्हती."

ही सगळी माहिती त्यांची स्वतःची आहे, असं त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

निर्णय असा झाला की योजना होईल, पण नाला, सांडपाण्याची लाइन आणि बाग ही कामं आधी पुरी करायची. ती झाल्याशिवाय घरांचा ताबा द्यायचा नाही. आमच्या लोकांना ही हार वाटली, तरी वेळ लागणार म्हणून समाधानही होतं. येताना गाडीत वहिनी म्हणाल्या, "ती तुमची पोळ्यावाली ना हो? बोलली की तोंड वर करून."

दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या साडेआठला आल्या. चप्पल काढली, हात धुतले. मी रात्रीच वाक्य तयार करून ठेवलं होतं.

"ताई, अर्ज लिहिला तेव्हा मला माहीत नव्हतं हो, की तुमचं घर तिथे..."

"तेव्हा नव्हतं." त्या परातीत पीठ घेत होत्या. "पेढे दिले तवा तर कळलं होतं ना, बाई?"

त्यांनी पिठात मीठ टाकलं आणि विचारलं, "किती करू? आज पाव्हणे हायेत का?"

"नाही. नेहमीइतक्याच."

कामं सुरू झाली. आमचा रस्ता उकरला गेला, बाग पत्रे लावून बंद झाली, मोठमोठे सिमेंटचे पाइप अंगणासमोर येऊन पडले. धुळीबद्दल कॉलनीने पुन्हा अर्ज करायचं ठरवलं; मी डोळे दुखतात म्हणून सांगितलं. ताई चरावरच्या फळीवरून तोल सावरत यायच्या. त्या पुन्हा कधी ओट्याच्या दगडाबद्दल बोलल्या नाहीत. माझ्याशी वाईट वागल्या असंही नाही. भाजीत काय घालू, गॅस संपत आलाय, उद्या उशीर होईल, एवढंच बोलायच्या. पूर्वी त्या पोळ्या करताना गाणं गुणगुणायच्या ते बंद झालं हे यजमानांच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

दोन पावसाळे गेले. दुसऱ्यात, काम अर्धवट असताना, पत्र्याच्या खोल्यांत कंबरेएवढं पाणी शिरलं. मी छत्री घेऊन गेले. ताईंचं चिखलातून धान्याचे डबे बाहेर काढणं चाललं होतं. "ताई, आमच्याकडे या राहायला. वरची खोली रिकामी आहे." त्यांनी डबा खाली ठेवला. राग दिसला नाही, थकवा दिसला. "नको बाई. भावाकडं देवळ्याला जातो चार दिस." घरं वेळेवर झाली असती तर त्या वेळी हे सामान दुसऱ्या मजल्यावर कोरडं असतं. हे त्या बोलल्या नाहीत. मला ते ऐकू आलं.

परत आल्यावर महिनाभराने त्यांनी काम सोडलं. एका कंपनीच्या कँटीनला लागल्या होत्या. सोडण्याआधी स्वतः दुसरी बाई शोधून आणली आणि तिला आमच्या चवी शिकवल्या. मी विचारलं, "माझ्यामुळे जाताय का?"

"नाय हो. तिथं रविवारची सुट्टी मिळते." मग चप्पल घालताना म्हणाल्या, "थोडंफार असंल तसंबी."

शेवटी सगळं झालं. नाल्याला दोन्ही बाजूंनी दगडी भिंत, मोरीच्या जागी रुंद पूल, बागेत चालायची वाट, खालच्या कोपऱ्यातलं पाणी जायला नळ्या. त्या पावसात आमच्या अंगणात पहिल्यांदाच पाणी आलं नाही. बाग उघडताना छोटा कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं, "बाईंनी दिवसदिवस नाल्यावर उभं राहून अभ्यास केला, म्हणून आज हे उभं राहिलं," आणि मला शाल घातली. नव्या इमारतींतले लोकही आले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. माइक माझ्या हातात दिला. ताई मागे उभ्या होत्या, कँटीनच्या निळ्या ॲप्रनवरच, कामावरून थेट आल्या असाव्यात. मी सर्वांचे आभार मानले. माइक परत दिला.

आठवडा तसाच गेला. अखेर मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं. माहिती माझी नव्हती, आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंची होती. मी नाल्यावर एकदाही गेले नव्हते. सुनावणीत खोटं बोलले. आणि तो अर्ज नाल्यासाठी नव्हताच, शेजारी नकोत म्हणून होता. चार वेळा वाचून पाठवलं. लगेच अंगठे आले, हात जोडलेले आले. वहिनींनी लिहिलं, 'किती हा मोठेपणा बाई! श्रेय दुसऱ्याला देणं सगळ्यांना जमत नाही.' कुणीतरी फुलांचं चित्र टाकलं. तेवढ्यावर विषय संपला.

मग मी नाल्यापलीकडे गेले. नव्या पुलावरून खरंच दोन मिनिटं लागतात. ताईंच्या घराची वास्तुशांत होऊन गेली होती. कॉलनीतल्या दोन घरांना बोलावणं होतं, आम्हाला नव्हतं. जिना चढायचा धीर होईना म्हणून खालीच बाकावर बसले. त्या संध्याकाळी कामावरून आल्या तेव्हा मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाहणीचं खोटं, शालीचं, ग्रुपवर लिहिलं तेही. माफी मागितली. आजूबाजूला मुलं सायकली फिरवत होती.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ग्रुपवर मी नाय बाई," त्या म्हणाल्या. "तिथं सांगून मला काय कळणार?"

"म्हणून तर आले."

"दोन वर्षं होऊन गेली." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्या दिवशी साहेबांनी विचारलं ना, तवा मला वाटलं, आता बाई माझ्याकडं बोट दाखवतील. मी उठायच्या तयारीतच बसले होते."

मला रडू आलं. त्यांना ते आवडलं नाही, असं दिसलं. "बसा," त्या म्हणाल्या, "पाणी आणते." वर गेल्या आणि स्टीलच्या तांब्यातून पाणी घेऊन खाली आल्या. मला वर बोलावलं नाही. मी पाणी प्यायले, तांब्या दिला. त्यांना स्वयंपाक करायचा होता, त्या गेल्या.

आता बागेत कधी भेट होते. त्या त्यांच्या मैत्रिणींबरोबर असतात, "बरं हाय ना बाई?" विचारतात, मी हो म्हणते. कठड्यावर खरंच कपडे वाळत असतात. त्यात आमच्या कॉलनीचेही असतात. त्यांच्या ओट्याला कुठला दगड बसवला, हे मला अजून माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.