वजाची ओळ

काउंटरबाई हे नाव मीच ठेवलं. पाठीमागे हं, तोंडावर ‘ताई’. आमच्याकडे येण्याआधी बाईंनी चौदा वर्षं एका इस्पितळाच्या औषधखिडकीवर गोळ्या मोजून दिल्या. पन्नाशीला टेकल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रामिंग शिकल्या, आणि औषधांचे डोस काढणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या विभागात माझ्या समोरच्याच टेबलावर येऊन बसल्या. त्या सॉफ्टवेअरचा पाया मी घातलेला. अकरा वर्षं तिथे घासतोय. पण दोन वर्षांत सगळे अडलं की बाईंकडे जायला लागले, आणि माझ्याकडे फक्त स्टेपलर मागायला.

माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? प्रत्येक बदलाचं कारण त्या वहीत बारीक अक्षरात लिहून ठेवायच्या. चष्म्याला दोरी लावायच्या. ती दोरीसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायची. बायको एकदा म्हणालीच, “स्वतःच्या मुलांची नावं घेत नाही तेवढं त्या बाईंचं घेता.”

त्यात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मी की बाई, हे साहेब शुक्रवारी ठरवणार होते.

मी रोज दुपारी बाईंच्या चुका शोधायला बसू लागलो. आमच्याकडे फाइलची प्रत्येक आवृत्ती क्रमांकासह जपलेली असते. संगणकाच्या काळ्या खिडकीत ‘डिफ’ असं टाइप करून दोन क्रमांक दिले की फरक समोर येतो: गेलेल्या ओळीपुढे वजा, आलेल्या ओळीपुढे अधिक. गुरुवारी घबाड सापडलं. लहान मुलाचं वजन भरल्याशिवाय डोस दाखवू नये, ही तपासणी करणारी ओळ. तिच्यापुढे ठसठशीत वजा, आणि बदल बाईंचा! बाईंनी ती उडवली होती. फाइल उघडून खात्री करायची तसदी कोण घेतो? मी प्रिंट काढली.

शुक्रवारच्या बैठकीत कागद साहेबांपुढे ठेवला. “मुलांच्या जिवाशी खेळ आहे हा,” मी म्हणालो. माझा आवाज छान गंभीर लागला होता.

साहेबांचा चेहरा उतरला. “ताई, हे तुम्ही काढलंत?”

बाईंनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. कागदाच्या अगदी वरच्या दोन ओळी वाचल्या, ज्या मी कधीच वाचत नाही.

“साहेब, क्रमांक उलटे पडलेत. चारशे बारा आधी आणि चारशे अकरा नंतर. जुना आधी द्यायचा असतो.” त्या हळूच म्हणाल्या. “ही ओळ मी काढली नाही. मी घातली.”

यादीत नवी आवृत्ती वर असते. वरून खाली वाचत मी क्रमांक तसेच टाकले होते. पहिल्या आठवड्यातल्या नवख्याने करावी अशी चूक!

“म्हणजे त्याआधी ही तपासणी नव्हतीच?” साहेब म्हणाले. “हा भाग मुळात लिहिला कोणी?”

तो भाग माझा होता. बाईंची वही टेबलावर उघडीच होती. चारशे बाराच्या नोंदीत, मूळ काम कोणाचं या रकान्यात, बारीक अक्षरात माझं नाव होतं. मला ते समोरून उलटंही वाचता आलं.

बाईंनी वही मिटली.

“जुनं काम आहे, साहेब. खिडकीवर असताना असा एक डोस मी हाताने अडवला होता, म्हणून आठवलं. आणखी कुठे राहिलंय का, ते आम्ही दोघं बसून बघतो.”

जागा त्यांना मिळाली. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेच्याही आधी मनात आलं ते हे, की एवढं मोठं मनसुद्धा हिलाच मिळावं? कारण मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागी मी असतो, तर ती वही साहेबांपुढे सरकवली असती.