आधी विझवायला शीक

लेकराला चूल पेटवता येते, हे तुम्ही कौतुकानं सांगता; ती विझवायला त्याला कधी शिकवलंत?

माझ्या आईनं मला आधी तेच शिकवलं. नव्वदीची शेवटची वर्षं, मी नऊ वर्षांची. मराठवाड्यातल्या हट्ट्याजवळच्या आमच्या गावात तूर निघाली की तिच्या वाळक्या काड्यांवर, तुराट्यांवर, महिनोन्महिने स्वयंपाक चालायचा. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. धाकट्या भावाला दुपारी गरम भाकर मिळावी म्हणून मला चूल शिकवणं तिला भाग होतं आणि त्याचीच तिला धास्ती होती. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता. तिला विझवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आठवडाभर तिनं मला काडेपेटीला हात लावू दिला नाही. जळती तुराटी बाहेर ओढायची, राखेत घोळायची, वर पाणी शिंपडायचं. बस.

"भाकर काहून करू देत न्हाईस?"

"आधी विझव. भाकर बिघडली तर कुत्रं खाईल. तू बिघडलीस तर?"

मग चूल माझ्या ताब्यात आली. पहिल्याच दुपारी मी लांब तुराट्या न मोडता आत सारल्या आणि गावोगाव सभा घेणाऱ्या बाबांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून त्यातलंच एक वाचत राहिले. 'मुलींना शिकवा', ठळक अक्षरांत. जाळ तुराटीवरून मागं सरकत गठ्ठ्याला लागला. मी उडी मारली, तुराट्या ओढल्या, राखेत घोळल्या, घागर गठ्ठ्यावर रिकामी केली.

संध्याकाळी बाबा ओला लगदा धरून म्हणाले, "उद्याची सभा बुडवली की पोरीनं!"

आई माझे तळपाय उलटसुलट करून बघत होती. "पाय बराबर हाईत तिचे. तुमी एवढं छापता, चुलीचं काहून छापत न्हाई?"

दुसऱ्या सकाळी बाबा गुडघ्यावर तुराट्या मोडत बसले होते. पुढच्या वर्षी भावालाही आईनं चुलीपुढं बसवलं.

मुलींनीच का रांधावं, यावर मी आता हिंगोलीत ज्या कॉलेजात शिकवते तिथं भांडते. खोलीवर गॅस आहे. आई जाऊन दोन वर्षं झाली. रोज गॅस बंद करून मी क्षणभर तशीच उभी राहते. कुणीतरी माझे तळपाय बघावेत, एवढंच वाटतं.

पत्रकांवर वाढले, म्हणून मागणी करते: आजच लेकराला स्वयंपाकाजवळ बोलवा, पोराला तर नक्कीच. गॅस कसा बंद करायचा, जळतं लाकूड राखेत कसं घोळायचं, ते त्याच्या हातून करून घ्या. काडेपेटी त्यानंतर द्या.