खाऱ्या पाण्याचं तापमान

मुंबईत माशांच्या टाकीला हीटर कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. गोड्या पाण्यातल्या माशांचं मला माहीत नाही. आमच्या लालबागच्या खोलीत होती ती खाऱ्या पाण्याची टाकी. तीन फूट लांब, आत समुद्रातले दगड, दगडांवर बटणांएवढी प्रवाळं आणि दोन नारिंगी मासे. त्यांना पाणी बाराही महिने पंचवीस-सव्वीस अंशांवर लागायचं. जानेवारीत सकाळी आमच्या खोलीतलं पाणी एकवीसपर्यंत उतरे. एवढ्या थंडीला माणूस शाल घेतो आणि विसरतो. प्रवाळ मात्र तोंड मिटून घेतं, आणि ते परत उघडेलच याची खात्री नसते.

टाकी मुळात माझी नव्हती. फोर्टमधल्या ज्या ऑफिसात मी टायपिस्ट होते तिथल्या साहेबांची ती. ऑफिस लहान जागेत गेलं तेव्हा तिला जागा उरली नाही. माशांना खाणं घालायचं काम माझ्याकडे आपसूकच आलेलं होतं, म्हणून साहेबांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही. त्या काळात मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणत असे. नाही म्हणायला जोर लावावा लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारावीला होते. बाबा गिरणीत बॉयलरवर होते. पाण्याची नळी आणि प्रेशरचा काटा, आठ तास या दोन गोष्टींवरून नजर हलवायची नाही, हे त्यांचं काम. संप मिटला असं आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. काही जणांना परत घेतलं, बाबांना घेतलं नाही. पहिली काही वर्षं ते गेटवर जायचे, सभांना जायचे. मग जाईनासे झाले. आई गिरगावात एका घरी स्वयंपाकाला लागली. मी कॉलेज सोडून टायपिंग शिकले. टाकी घरी आली तोवर याला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. आमच्या घरात भांडणं नव्हती, रडारड नव्हती. कुणी काही विचारायचं नाही आणि कुणी काही सांगायचं नाही, एवढं तिघांनाही जमून गेलं होतं.

टाकी आली त्या दिवशी बाबांनी आपली खुर्ची तिच्यासमोर ओढून घेतली. त्यानंतर ते दिवसभर तिथेच बसत. मासे आवडतात का, असं मी त्यांना विचारलं नाही.

टाकीबद्दल मला जे काही कळत होतं ते माहीमच्या कोळीवाड्यातल्या एका काकांमुळे. ते पूर्वीपासून साहेबांना समुद्राचं पाणी आणून द्यायचे. किनाऱ्याचं पाणी चालत नाही. बोट लांब आत गेली की ते तिथलं पाणी कॅनमध्ये भरून घेत आणि महिन्यातून एकदा आमच्या जिन्यावरून वर चढवत. हीटरही त्यांनीच माझ्याबरोबर येऊन घेतला. काचेची लांब नळी, वर लाल दिवा. पाणी गार झालं की दिवा लागणार, हवं तेवढं तापलं की आपोआप विझणार. सकाळी ऑफिसला निघताना मी दिव्याकडे एकदा बघत असे, तेवढंच.

पहिला हिवाळा नीट गेला. दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी घरी आले तर दारातच वास आला. बाजार उठल्यावर मासळीच्या फळीला येतो तसला. बाबा खुर्चीत बसले होते. टाकीच्या काचेला आतून दव धरलं होतं आणि लाल दिवा पेटलेला होता. मी हात घातला. पाणी आंघोळीला काढल्यासारखं होतं. थर्मामीटरवर छत्तीस. एक मासा दगडामागे आडवा पडला होता, दुसरा पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर कल्ले हलवत होता. प्रवाळं पांढरी पडली होती आणि त्यांना चिकट तार सुटली होती.

मी आधी हीटरची पिन काढली. खाली उसाच्या रसवाल्याकडून बर्फ आणला, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडं घट्ट बांधली आणि एकेक पिशवी पाण्यावर सोडली. एकदम गार करायचं नाही, तासाला एखादा अंश, असं काकांनी कधीतरी सांगितलेलं आठवत होतं. हे सगळं मी अगदी व्यवस्थित केलं. मेलेला मासा चहाच्या गाळणीने काढून कागदात गुंडाळला. मग बाबांकडे वळून विचारलं, दिवा दिवसभर चालूच होता का.

ते म्हणाले, "होता."

"मग बंद नाही केलात?"

टाकीवरची नजर न काढता ते म्हणाले, "माझी पाळी नव्हती."

गिरणीतल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पाळीतली ती पाळी. दुसऱ्याच्या पाळीत त्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, हा तिथला नियम मला लहानपणापासून माहीत होता. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, पण तो आला नाही. मी भाजी चिरायला बसले. आई गिरगावातून आली तेव्हा तिला काय झालं ते सांगितलं. तिने चपला काढल्या, बाबांकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाली, "तेंका कित्याक इचारतस? ते हय आसत खंय?"

हे ती त्यांच्यादेखतच म्हणाली. ते इथे नाहीतच, तर ऐकणार कोण, असाच तिचा सूर होता. बाबांनीही मान वळवली नाही.

उरलेला मासा जगला. प्रवाळं बहुतेक गेली. एका दगडाच्या कडेला सात-आठ तपकिरी बटणं तेवढी राहिली. काका पाणी घेऊन आले तेव्हा त्यांनी हीटर उघडून दाखवला. आतले दोन पत्रे एकमेकांना चिकटून बसले होते, त्यामुळे तो बंद व्हायला तयार नव्हता. एक मोठा लावण्यापेक्षा दोन लहान लावायचे, असं ते म्हणाले. एक अडकला तरी एकट्याच्याने एवढं पाणी उकळत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा निदान धरून ठेवतो. मी दोन लहान हीटर लावले. त्याच सुमारास काकांनी बिनजोडीचा राहू नये म्हणून दुसरा एक मासा आणून सोडला. मी ऑफिसला जात राहिले.

पुढच्या जानेवारीत चाळीची मेन केबल जळाली. पहाटे पाचला आमच्या सबंध इमारतीची वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय येणार नाही, असं कळलं. हीटर दोन असले काय नि चार असले काय. हवेचा पंपही थांबला होता. पाणी तेवीसवर आलं होतं आणि खाली चाललं होतं. मला रजा मिळण्यासारखी नव्हती. मी नुसतीच टाकीसमोर उभी होते. काय करायचं ते डोक्यात येत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

बाबा खुर्चीतून उठले. सरबताच्या रिकाम्या बाटल्या कुठे आहेत असं त्यांनी आईला विचारलं. आई कामावर निघाली होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि माळ्यावरून सहा बाटल्या काढून दिल्या. बाबांनी स्टोव्ह पेटवला, पाणी तापवलं, कढत नाही, हाताला सोसेल इतकंच. बाटल्या भरून, बुचं घट्ट मारून त्यांनी दोन बाटल्या टाकीच्या दोन टोकांना सोडल्या. गोधडी टाकीभोवती गुंडाळली, समोर वीतभर जागा बघायला उघडी ठेवली. मग तांब्या घेऊन ते टाकीतलंच पाणी उचलून वरून धार धरून पुन्हा आत ओतू लागले, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. कदाचित काकांचं बोलणं त्यांच्या कानावर पडत असेल.

"तू जा," ते म्हणाले. "मी आहे."

मी गेले. माझा विश्वास होता असं नाही. घरी राहूनही मला काय करता येईल ते कळत नव्हतं, म्हणून गेले. ऑफिसात दिवसभर टाइप केलं. टाकीची आठवण एकदा डबा खाताना आली.

संध्याकाळी परतले तेव्हा थर्मामीटरवर पंचवीस होतं. बाबांचा सदरा कोपरापर्यंत भिजला होता. हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. सकाळपासून त्यांनी बाटल्या किती वेळा बदलल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही. उजवीकडची बाटली लवकर निवते, खिडकीची बाजू आहे, एवढं म्हणाले. मी चहा केला. आम्ही मेणबत्तीच्या उजेडात बसून प्यायलो आणि मी गेल्या वर्षीचं विचारून टाकलं. तेव्हा का बसून राहिलात, असं.

त्यांनी कप खाली ठेवला. त्या सकाळी मी ऑफिसला गेल्यावर ते गिरणीकडे गेले होते, बऱ्याच वर्षांनी. भंगारवाल्यांचं काम चालू आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. गेट उघडंच होतं. आत त्यांचा बॉयलर गॅस कटरने कापत होते. निम्मा कापून झाला होता, तुकडे ट्रकवर चढत होते. ते तासभर उभे राहिले आणि घरी येऊन खुर्चीत बसले.

"दिवा दिसत होता गे," ते म्हणाले. "पाणी तापतंय ते पण कळत होतं. पण ते कुठेतरी लांब चाललंय, असं वाटत होतं. हात उचलायचा असतो हेच आठवेना."

ते सांगत होते तसंच मला गेली कित्येक वर्षं वाटत आलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. बाटल्या निवायला आल्या होत्या. मी उठून स्टोव्ह पेटवला.

वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दोन्ही मासे जगले, आणि दगडावरची बटणं आठवड्याभरात उघडली.

त्यानंतर बाबा पूर्वीचे झाले असं काही नाही. महिन्याभराने ते परळच्या एका लाँड्रीत बॉयलरवर माणूस हवाय असं ऐकून स्वतःहून गेले. तिथल्या लोकांनी वय विचारलं आणि नको म्हटलं. घरी येऊन बाबांनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि आंघोळीला गेले. टाकीचं मात्र सगळं ते बघू लागले. पाण्याचा खारेपणा, काचेवरचं शेवाळ, हिवाळ्यात दोन्ही हीटर. आई कधीमधी जेवताना त्यांना मासे कसे आहेत असं विचारायची, आणि ते उत्तर द्यायचे. घरात तेवढं एक बोलणं वाढलं.

तीन वर्षांनी आम्ही खोली सोडून डोंबिवलीला गेलो. टाकी तिकडे नेणं शक्य नव्हतं, आणि समुद्राचं पाणी तिथे कोण आणून देणार? काका टेम्पो घेऊन आले. मासे बादलीत, दगड ओल्या गोणपाटात. बाबांनी नळी लावून टाकी रिकामी केली. पाणी मोरीतून जायला बराच वेळ लागला. आम्ही तिघं आणि काका उभे राहून ते बघत होतो. मग काकांनी टाकीचं एक टोक धरलं, बाबांनी दुसरं, आणि एकेक पायरी सांभाळत ते खाली उतरले.