आभार मानू न देणाऱ्या बाई

"बसा." एवढंच म्हणून बाई तळहात खाली दाबायच्या, उतू जाणारं दूध हातानेच खाली बसवावं तसा. ऐकलं नाही, तर टेबलाखालून शर्ट ओढायच्या. कारण मी उठायचो. शाळेत कुणी मोठं माणूस आत आलं की माझे गुडघे मला न विचारता सरळ होतात. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्यांना हे समजावायला नको. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती गुरुजींमुळे मिळालेली. त्यामुळे शाळा म्हटलं की मी आधी हात जोडतो आणि मग विचार करतो.

"तुम्ही उभे राहिलात की आपली केस आडवी होते," बाई म्हणायच्या.

केस माझ्या मुलीची होती. ती तेव्हा चौथीत होती. ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द सांगायची, पण छापील पान समोर आलं की घाम फुटायचा. तज्ज्ञांनी तपासून रिपोर्ट दिला : मुलगी हुशार आहे, वाचनाची अडचण आहे, शाळेने मदत करावी. आम्ही तो रिपोर्ट शाळेला दिला. शाळेने आम्हाला पत्र दिलं : पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा.

पत्राचं इंग्रजी इतकं गोड होतं की मी लगेच आभाराचं उत्तर लिहायला बसलो. बायको मागून वाचत होती.

"अहो, पोरीला हाकलतायत आणि तुम्ही 'थँक यू फॉर युअर काइंड सपोर्ट' लिहिताय?"

बाईंचा नंबर तिनेच मिळवला. शाळेच्या मीटिंगांत पालकांच्या बाजूने बोलायचं, हे त्यांचं काम. कोर्टातल्या वकील नव्हेत, पण फी घ्यायच्या आणि तीही आधी. "फुकट भांडणारा मध्येच दमतो," म्हणाल्या.

इथे आखातात, अल मजाजला आमच्या बिल्डिंगखालच्या कॅफेटेरियात पहिली भेट झाली. पन्नाशी उलटलेल्या, मूळच्या सांगलीच्या, सलवार-कमीजवर पांढरे स्पोर्ट्स शूज. त्यांनी पत्र वाचलं आणि चहाचा ठसका लागेपर्यंत हसल्या.

"'आफ्टर केअरफुल कन्सिडरेशन, इन द बेस्ट इंटरेस्ट ऑफ द चाइल्ड.' अहो, हे माझं वाक्य आहे!"

एकोणीस वर्षं त्या इथल्याच एका शाळेच्या ॲडमिशन ऑफिसात होत्या. अशी पत्रं त्याच लिहायच्या. ऑफिसातली माणसं नोकऱ्या बदलत गेली आणि पत्रही त्यांच्याबरोबर शाळा हिंडलं. "मेल्यांनी फक्त मुलाचं नाव बदललंय!"

"किती मुलांना पाठवलंत?" बायकोने विचारलं. ती असलं विचारते.

बाईंचं हसू मावळलं. "मोजली नाहीत. तेव्हा पगार होता, व्हिसा होता. आता ते खलास. आता उलटं काम करते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या पिशवीत काय आहे?"

"काजूकतली. मीटिंगला न्यायला."

"इकडे आणा." डबा त्यांनी तिथेच फोडला. "हाकलणाऱ्याला मिठाई नेणारा बाप पहिल्यांदाच बघतेय."

मुलगी इतका वेळ त्यांच्याकडे टक लावून होती. "आर यू अ लॉयर?"

"नो. आय ॲम भांडकुदळ."

"व्हॉट्स दॅट?"

"व्हेरी हाय पोस्ट," बाईंनी सांगितलं आणि तिच्या हातावर दोन तुकडे ठेवले.

मीटिंगच्या दिवशी प्रिन्सिपल आत आले. मी उठलो. शर्ट ओढला गेला. मी बसलो.

"आम्ही पुष्कळ विचार करून पत्र लिहिलंय," प्रिन्सिपल म्हणाले.

बाई इंग्रजीतच बोलल्या, पण सूर थेट सांगलीचा होता. "सर, ते मी लिहिलंय. मी ते कधी वापरायचे, तेही सांगते. शाळेने मुलासाठी काहीच केलेलं नसलं की. काही केलं असतं, तर तेच लिहिलं असतं ना? हिच्यासाठी काय केलंत, तेवढं सांगा."

प्रिन्सिपलनी फाईल चाळली. पुन्हा चाळली. गृहपाठ न केल्यासारखी मान मात्र मी खाली घातली.

"बघू या, इन्शाल्ला," ते शेवटी म्हणाले.

"इन्शाल्ला आहेच, सर. त्याच्यापुढे तारीख लिहा."

तारीख लिहिली गेली. मुलगी याच शाळेत राहणार, प्रश्न तिला वाचून दाखवणार, वेळ जास्त मिळणार, उत्तरं तोंडी चालणार आणि दर वर्षी आढावा होणार. सगळं सहीनिशी. मी भारावून उठलो, "थँक्..." आणि शर्टाची शिवण उसवली.

पुढे बाईंचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं सांगलीला परत गेली. निघण्याआधी भेटायला आल्या तेव्हा मुलीने त्यांना स्वतः लिहिलेलं कार्ड दिलं. चार ओळी, पण अख्खी दुपार लागली होती. काही अक्षरं उलटी, एक ओळ डोंगर चढत गेलेली. जन्मभर दुसऱ्यांना पत्रं लिहिलेली ती बाई ते कार्ड उघडून उभी राहिली. वाचून संपलं तरी उभीच.

"बसा ना, मॅडम," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा हो."

मी तरी आभाराचं बोलायला लागलोच. त्यांनी तळहात खाली दाबला. "फी घेतलीये मी. खलास."

परवा या वर्षीचा आढावा होता. मुलगी आता सहावीत आहे. माझ्या एका बाजूला बायको होती, दुसरी खुर्ची रिकामी. प्रिन्सिपल आत आले. गुडघे हलले. मी माझाच तळहात गुडघ्यावर दाबला आणि बसून राहिलो. गेल्या वर्षी काय केलंत ते विचारलं. पुढे काय करणार ते विचारलं. तारीख घेतली.

बाहेर येऊन गेटवरच्या वॉचमनला मी तीनदा थँक्यू म्हटलं. तो गोंधळून उभा राहिला. त्याचा काही संबंध नव्हता, पण कुणाला तरी म्हणायचं राहिलं होतं.